आरसा तपासणारी

ज्यानं आरसा घासला त्यानं तो तपासायचा नाही, असा शेटे सरांच्या घरातला कायदा होता. कायदा सरांचाच. बार्शीच्या तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं वर्कशॉप शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्याला घरातसुद्धा नियमावाचून करमायचं नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तेलाच्या रिकाम्या पिंपावर काचेची जाड तबकडी ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची खरखरीत पावडर टाकून तिच्यावर दुसरी तबकडी घासत पिंपाभोवती पाऊल पाऊल सरकत फिरायचं, आणि दोनेक महिन्यांनी त्यातून दुर्बिणीचा आरसा निघायचा. मग तपासणी. ती करायची त्यांच्या बायकोनं, जयमालानं. खोलीत अंधार करून आरशासमोर बारीक दिवा लावायचा, परत येणारा उजेड जिथे एका बिंदूत गोळा होतो तिथे दाढीचं ब्लेड हळूहळू आडवं सरकवायचं, आणि आरशावर उमटणाऱ्या सावल्या वाचायच्या. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढा उंचवटा असला तरी त्या सावलीत तो टेकाडासारखा दिसतो. "घासणाऱ्याला स्वतःचा आरसा कायम चांगलाच दिसतो," सर म्हणायचे. जयमाला बारावी शास्त्र, पुढे लग्न. पण सावली वाचावी तर तिनंच. तीस वर्षांत चव्वेचाळीस आरसे झाले, आणि एकाही आरशाला तिनं नसलेला गुण दिला नाही. सर रागवायचे, दोन दोन दिवस अबोला धरायचे, तरी नाही.

असल्या माणसाच्या हाताला कंप सुटावा, आता याला काय म्हणायचं?

कंपवात म्हटलं की लोकांना हलणारा हात दिसतो. बघायला आलेले पाहुणे हाताकडे बघून हळहळायचे, चहा पिऊन जायचे. दुखणं कुणाला दिसत नव्हतं. मेंदूच्या तळाशी मूठभर पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात. त्या मरत जातात आणि शरीराला हालचालीचा हुकूम मिळेनासा होतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच रसायनावर दुखण्याचा लगामही असतो. तो सुटला, की जखम नसलेल्या जागी जखमेसारखं दुखतं. सरांच्या पाठीच्या कण्यातून डाव्या टाचेपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढत असल्यासारखं व्हायचं. पहाटे गोळीचा अंमल उतरला की डाव्या पायाची बोटं आत वळायची आणि तशीच अडकायची. जयमाला मांडीवर पाय घेऊन बोटं एकेक करून सोडवायची आणि सर उशी दातांत धरायचे. अशी सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत ती सलग तीन तास झोपली नाही.

दुखणं जरा कमी असलं की सर बोलायचे, आणि बोलायचे ते भलतंच.

"जयू, या काचेला दुखतं का?"

"काहीतरीच काय."

"वाळू वितळवून काच होते. वाळूत सिलिकॉन, ऑक्सिजन. ताऱ्यांच्या पोटात शिजलेले अणू. माझ्या हाडातलं कॅल्शियम तिथलंच. मग तिथून इथपर्यंत येताना नेमकं कुठे त्याला दुखायला लागलं? काचेत कुणी नाही. माझ्यात कोण आहे?"

"तुमच्यात तुम्ही आहात. पाय सरळ करा."

"तेच तर. तो नसता, तर दुखलं असतं कुणाला?"

त्या वेळी तिला वाटलं, दुखण्यानं माणूस भरकटतोय. तिनं तेल गरम करायला ठेवलं.

पुण्याच्या डॉ. कुंभोजकर बाईंनी याच प्रश्नावर यंत्र केलं होतं. नाव ठेवलं होतं 'तटस्थ'. बाई पन्नाशीच्या, बोलायला स्पष्ट. टेबलावर मेंदूचा प्लास्टिकचा साचा उघडून त्यांनी दोघांना दाखवलं.

"वेदना दोन रस्त्यांनी येते. एक रस्ता सांगतो, कुठे दुखतंय, किती दुखतंय. दुसरा सांगतो, हे मला दुखतंय आणि मला ते नकोय. या आतल्या घडीत पेशींचं एक वर्तुळ आहे, ते क्षणाक्षणाला प्रत्येक जाणिवेवर 'माझं' असा शिक्का मारत असतं. आम्ही केसाएवढी तार घालून ते वर्तुळ मंद करतो. मग टाच दुखते, पण कुणाला दुखत नाही. कंपासाठी दुसरी तार आहेच. हात स्थिर होईल."

"आणि शिक्का फक्त दुखण्यावरचाच पुसला जातो?" सरांनी विचारलं. आवाज इतका खोल गेलेला, की बाईंना पुढे वाकावं लागलं.

बाईंनी साचा मिटवून बाजूला ठेवला. "बऱ्याच जणांचा तेवढाच. काही जणांचा सगळाच. माणूस चालतो, बोलतो, सगळं आठवतं त्याला. पण घरचे म्हणतात, हा तो नव्हे. कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून नव्वद दिवसांची मुदत. तेवढे दिवस बंद-चालूचं बटण घरच्या माणसाकडे. नंतर एक पत्रक भरायचं. त्यात एकच प्रश्न, माणूस पूर्वीचाच आहे का. 'होय' लिहिलं तर यंत्र कायमचं चालू, बटण आमच्याकडे जमा. 'नाही' लिहिलं तर वेदनेची तार बंद."

"मी स्वतः का नाही लिहायचं?"

"कारण दुखत असताना तुम्ही कशालाही होय म्हणाल. आणि दुखायचं थांबल्यावर तुमची तक्रारच राहणार नाही. तुमची साक्ष दोन्हीकडून कुचकामी आहे."

सर हसले. चेहरा ताठरलेला, त्यामुळे हसू फक्त डोळ्यांत आलं. "तपासणीस आमच्या घरातच आहे," ते म्हणाले. "पण फार कडक आहे बरं का."

शस्त्रक्रियेला दीड महिना होता. त्या दीड महिन्यात सर रोज सकाळी जयमालाला काहीतरी आणायला पिटाळायचे. आज पेरू, उद्या भगवंताच्या देवळातला अंगारा. ज्या माणसानं जन्मात अंगारा लावला नाही तो अंगारा मागतोय, म्हणून तिला भरून यायचं. ती जायची.

तार बसली, आणि खरंच सांगायचं तर पहिले वीस दिवस तिनं काही तपासलंच नाही. माणूस उठून बसला होता. हात स्थिर. चहाचा कप बशीत न सांडता धरत होता. पहाटे ती सवयीनं दचकून उठायची तर सर शांत पडलेले. "दुखतंय का?" "टाचेत आहे, बरंच आहे," ते सांगायचे, पावसाची बातमी सांगावी तसं. ती पुन्हा झोपायची. सहा तास, सात तास. दुपारीसुद्धा झोपायची. शेजारच्या म्हणाल्या, जयमालाबाई, तुमचा चेहरा उजळला. तिला लाजल्यासारखं झालं.

आणि सर तिला चिडवायचे की. "जयू, ही भाजी आहे का कार्बोरंडमची पावडर?" असं पूर्वीसारखंच. चहाला नाक मुरडायचे. तिन्हीसांजेला गच्चीवर दुर्बीण लावून शनी दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ, तुझ्या लग्नातल्या बांगडीसारखी कडी." मुलगी ऋतुजा पुण्याहून फोन करायची तेव्हा तिच्या नवऱ्याच्या नोकरीची चौकशी करायचे. ऋतुजा रडली. "आई, बाबा परत आले गं."

आले होते खरे. पण सावल्या वाचणारीचे डोळे फार दिवस गप्प बसत नाहीत.

घासायला घेतलेला आरसा पहिल्याच तपासणीत एकसारखा राखाडी, ना टेकाड ना खड्डा, असा दिसला, तर जयमाला कधी खूश व्हायची नाही. ती म्हणायची, ब्लेड चुकीच्या जागी आहे. एवढी गुळगुळीत सावली खऱ्या काचेची नसते. चाळिसाव्या दिवशी तिला तसं वाटायला लागलं. सर चहाला नावं ठेवायचे, ते दर चौथ्या दिवशी. तिसऱ्या नाही, पाचव्या नाही. भाजीवरचा शेरा मंगळवारी आणि शनिवारी. बांगडीसारखी कडी गुरुवारी. तिनं मुद्दाम एका बुधवारी भाजीत मूठभर मीठ टाकलं. सरांनी ती संपवली, हात धुतले. शनिवारी भाजी चांगली झाली होती, तर म्हणाले, "जयू, ही भाजी आहे का कार्बोरंडमची पावडर?"

तरी तिनं आणखी महिना ओढला. विचारलं नाही, कारण विचारलं तर कळलं असतं. आणि रोज सात तास झोप मिळत होती.

मुदत संपायला आठ दिवस उरले, तेव्हा सकाळी लसूण सोलता सोलता तिनं विचारलं. "अहो, ते बांगडीचं बोलणं. ते तुम्हाला सुचतं का कुणी सांगितलंय?"

"सांगितलंय," सर म्हणाले.

"कुणी?"

"मीच. शस्त्रक्रियेच्या आधी फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवलंय. ऐकायचंय का?"

लपवावं असं त्यांना वाटलंच नाही. लपवायला काहीतरी आपलं असावं लागतं. त्यांनी फोन आणून तिच्या हातात दिला आणि उरलेला लसूण सोलायला घेतला.

एकेचाळीस तुकडे होते. ती पत्र्याच्या खोलीत जाऊन ऐकत बसली. पेरू आणायला, अंगारा आणायला ती गेली होती तेव्हाचे. तो तिच्या ओळखीचा पिचका, अडखळणारा आवाज, मध्ये मध्ये कण्हणं, एकदा तर नुसतं ओरडणं आणि मग, "हं. पुढे." वर्कशॉपमध्ये पोरांना कामाचा तक्ता द्यावा तसं सगळं क्रमानं सांगितलेलं. क्रिया एक, सकाळी उठल्यावर जयू म्हणून हाक मारायची. क्रिया दोन, दर चौथ्या दिवशी चहाला नाक मुरडायचं. क्रिया नऊ, ती रडली तर डोक्यावर हात ठेवायचा, मोजून दहा आकडे. शेवटच्या तुकड्यात क्रिया नव्हती.

"हे ऐकणाऱ्या माणसा. तू मी असलास तर हसशील आणि हे पुसून टाकशील. नसलास, तर नव्वद दिवस एवढं कर. मला सुटायचंय. आणि तिलाही सोडवायचंय. सहा वर्षं झोपली नाही ती. मी गोळ्या खाऊन गेलो असतो, पण मग ती जन्मभर स्वतःला खात बसली असती. असं गेलेलं तिला कळणार नाही. खोटं ती लिहायची नाही. म्हणून तिला खरंच दिसलं पाहिजे."

जयमाला पिंपाला टेकून बसली. तिला आधी आला तो राग. तीस वर्षं ज्या डोळ्यांवर यानं भरवसा ठेवला, त्यांनाच फसवायला निघाला. मग राग ओसरला आणि उरलं ते नुसतं रडू. खाली सर लसूण सोलत होते. ती रडत खाली आली, तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मोजलं. दहा.

ऋतुजाला तिनं फोनवर सगळं सांगितलं.

"मग काय करणार आहेस?" ऋतुजानं विचारलं.

"खरं लिहीन. 'नाही' म्हणून."

"आई, खरं लिहिलंस तर ते पुन्हा उशी चावत बसतील. ऐकवेल तुला? तू थकली आहेस. बाबांना हवं होतं तेच झालंय ना? सही कर, आई."

"तुझे बाबा त्यात नाहीत, ऋतू."

"निदान त्यांना दुखत तर नाही."

जयमालानं फोन ठेवला, आणि सरांसमोर स्टूल ओढून बसली. म्हटलं, निदान यांनाच विचारावं. "यंत्र बंद करू का? तुम्हाला काय वाटतं?"

"मला दोन्ही चालेल," सर म्हणाले. कुणाची समजूत काढायची म्हणून नाही, खरंच दोन्ही चालत होतं. शनीच्या कड्यांना विचारलं असतं तरी असंच काहीतरी उत्तर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ-पूजा उरकून, तिनं सरांना पलंगावर बसवलं आणि बटण दाबलं. वर्तुळ जागं व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, बाईंनी सांगितलं होतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आठव्या मिनिटाला त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. काय बदललं ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण कळलं.

"जयू," सर म्हणाले. "कुठे चुकलं?"

"दर चौथ्या दिवशी चहा."

"आयला." सर खरोखर हसले. "वेळापत्रक करून ठेवलं मी. मास्तर तो मास्तरच."

"मला फसवायला निघाला होतात."

"हो."

"कसं असतं हो तिथे?" तिनं विचारलं. हात हातात घेतला होता तिनं, तो घट्ट धरला.

दुखणं पायरी पायरीनं वर येत होतं, सरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. "तिथे काही नसतं. अंधारसुद्धा नसतो. अंधार दिसायलाही कुणीतरी लागतं ना. हे सगळं, या आकाशगंगा, तेरा अब्ज वर्षांपैकी बराच काळ असंच होतं बघ. सगळं होतं, आणि कुणालाच नव्हतं. मग कुठल्यातरी चिखलात एका जिवाला पहिल्यांदा कळायला लागलं. मला वाटायचं, ही विश्वातली सगळ्यांत मोठी गोष्ट. दगडाला स्वतःची ओळख पटली. पण त्या जिवाला पहिलं काय कळलं असेल, सांग? दुखतंय, हेच कळलं असेल." त्यांनी दात आवळले. "फार मोठी किंमत आहे, जयू. माझ्याच्यानं होत नाही आता. लाव पुन्हा."

"आणि मी?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, तिला दिसत होतं. पण तार टाचेपर्यंत पोचली. बोटं आत वळली. सर ओरडले.

जयमालाच्या मुठीत बटण होतं. तिनं लगेच दाबलं नाही. हे तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही, ऋतुजालासुद्धा नाही. सर ओरडत होते, तिचं नाव घेऊन विनवत होते, तिचं मनगट इतकं आवळून धरलं होतं की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं. आणि ती त्यांना छातीशी धरून तसंच ऐकत राहिली. एक मिनिट. जास्तच असेल. ते ओरडणं त्यांचं होतं, आणि पुन्हा कधी ऐकू येणार नव्हतं. मग तिला स्वतःचीच किळस आली आणि तिनं बटण दाबलं.

अंमल चढायलाही तितकाच वेळ लागतो. ती पाय मांडीवर घेऊन बोटं सोडवत बसली. हळूहळू मनगटावरची पकड सैल झाली.

"टाचेत दुखतंय," सर म्हणाले. "बरंच आहे."

नव्वदाव्या दिवशी ती त्यांना घेऊन पुण्याला गेली. कुंभोजकर बाईंनी पत्रक पुढे ठेवलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "घाई करू नका. हवं तर बाहेर बसून भरा."

"नको. बघून झालंय माझं," जयमाला म्हणाली. तिनं 'होय'वर खूण केली, सही केली, तारीख घातली. बटण टेबलावर ठेवलं. बाईंनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन." सरांनी त्यांना नमस्कार केला.

परतीच्या बसमध्ये इंदापूर मागे पडल्यावर ती सरांना म्हणाली, "आता ते फोनमधलं काही करू नका. नव्वद दिवस झाले. चिडवायचं नाही, डोक्यावर हात ठेवायचा नाही. हाकसुद्धा नको."

तिला आत कुठेतरी वाटत होतं, आता तरी हे काहीतरी म्हणतील. नको म्हणतील.

"बरं," सर म्हणाले, आणि खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, सुखही नव्हतं. खिडकीची काच होती तशी होती, आणि तिच्यापलीकडे ऊस सरकत होता.

पलीकडच्या सीटवरची बाई बराच वेळ दोघांना न्याहाळत होती. पन्नाशीची, मांडीवर फुटाण्यांची पुडी. शेवटी तिनं पुडी पुढे केली आणि गप्पांना सुरुवात केली. कुठल्या, कुठे निघालात, दवाखान्यात गेला होता का.

"मालक का हो तुमचे?" तिनं हळूच विचारलं. "फार शांत आहेत. आमचे असते तर आतापर्यंत तीनदा भांडले असते कंडक्टरशी."

जयमालानं दोन फुटाणे उचलले. तिला खोटं लिहून चार तास झाले होते आणि जन्मात पहिल्यांदा लिहिलं होतं.

"माझे मालक वारले," ती म्हणाली. "आठवडा झाला."

बाई गोंधळली. तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तिच्याकडे वळून सभ्यपणे मान हलवली, आणि तिनं पुढे केलेल्या पुडीतले फुटाणे घेतले.